मांजरीकडचे पाहुणे

२ फेब्रुवारी, रविवार
हदगावच्या स्थळाने नकार कळवला. कारण सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. त्यांच्या बायोडाटात 'गृहिणी' चुकलं होतं. मी ते दुरुस्त करून, लाल रंगात, परत पाठवलं होतं. लोकांना शुद्ध लिहिलेलं सोसत नाही. मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. नांदेडात 'हार्दिक'ची वेलांटी बरोबर देणारे फार थोडे उरलेत. बारावीला इंग्रजी राहिलं नसतं तर आज वेगळं असतं. असो.
निश्चय: मांजर पाळायचं. मांडीवर मांजर असलं की माणूस हळवा आणि जबाबदार दिसतो, असं मोबाइलवर पाहिलं. महिनाअखेर चाकूरचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. मुलगी नर्सिंग झालेली. तोवर मांजर मांडीवर बसलं पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार
अर्धापूर रोडला सोडलेल्या, जखमी प्राण्यांचं केंद्र आहे, तिथे गेलो. पंचशीला मॅडम म्हणाल्या, मांजर असं लगेच देत नाही, आधी घर बघायला येतो. आवडलं. पद्धत असावी.
मी एक पांढरंशुभ्र पसंत केलं. ते फिसकारलं. लाजाळू असावं. मॅडमनी कोपऱ्यातली एक काळी-पिवळी मांजरी दाखवली. म्हणाल्या, हिला कोणीच नेत नाही, तुमचं हिच्याशी जमेल. माझ्यात काय पाहिलं कळलं नाही. बहुतेक माणुसकी.

८ फेब्रुवारी, शनिवार
आईला सांगितलं, उद्या घर बघायला लोक यायलेत. एवढंच. मांजराचं उद्या समोरासमोर सांगणं सोपं जाईल.
आई ताडकन उठली. जळमटं काढली, फरशी घासली, शेजारच्या अण्णाराव काकांचा सोफा मागून आणला. मला दाढी करून ये म्हणाली, आणि उद्या तोंड कमी उघड म्हणाली. तिचा गैरसमज झालाय हे माझ्या लक्षात आलं. पण घर इतकं स्वच्छ कधीच झालं नव्हतं. खुलासा योग्य वेळी करायचा.

९ फेब्रुवारी, रविवार
मॅडम आल्या, सोबत एक सर. आई डोक्यावर पदर घेऊन पोहे वाढत होती. अण्णाराव काका मोठा माणूस म्हणून मधोमध बसले, स्वतःच्याच सोफ्यावर. योग्य वेळ येत नव्हती.
मॅडमनी विचारलं, दिवसभर घरात कोण असतं. आई म्हणाली, मी. तिला बाहेर जाऊ द्यायचं नाही हं, मॅडम म्हणाल्या. आई म्हणाली, बाहेर कशाला जाईल, आमी हाव की घरात. मॅडम खूश झाल्या. मग म्हणाल्या, आम्ही काही लपवत नाही, तिला एका डोळ्याने दिसत नाही.
आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, चालतंय.
पाय थोडा ओढते, मॅडम म्हणाल्या. अण्णाराव काकांनी माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, चालतंय.
आणि ऑपरेशन झालंय तिचं, आता बाळं होणार नाहीत. मॅडम सगळ्यांच्या पिल्लांना बाळंच म्हणतात. इथे मी बोलायलाच हवं होतं. तोंडात पोहे होते.
आईने पदराने डोळे पुसले. "चालतंय म्हणलं ना बाई. ह्याला धडधाकट कोण देऊन राहिलंय?"
मॅडमनी आईचा हात धरला. म्हणाल्या, असं घर आम्हाला आजवर मिळालं नव्हतं. आई म्हणाली, आमाला देणंघेणं काही नको, तेवढी पोरगी द्या. मॅडम म्हणाल्या, गाडीतच आहे. सर जाऊन टोपली घेऊन आले.
झाकण उघडलं, सगळे टोपलीवर वाकले. मग अण्णाराव काका म्हणाले, "नागुबाई, सूनबाई आली. माप ठेवा उंबऱ्यात." आई हसली नाही. तिने मांजरी उचलली. ती आईच्या खांद्यावर गप्प बसली आणि चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहून फिसकारली.
एकंदरीत कार्यक्रम यशस्वी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
नातं घट्ट होत आहे. दोन्ही हातांवर ओरखडे. मी तिचं नाव 'शुद्धी' ठेवलं, पण कोणी वापरत नाही. आई सूनबाई म्हणते. सगळी गल्ली सूनबाई म्हणते. आई माझ्याशी बोलत नाही, तिच्याशी बोलते. माशाचं डोकं तिला, मला वरण.
मी घरात आलो की ती कपाटावर चढते. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, तुम्ही थोडं लांब राहा. जेवण ओट्यावर सुरू केलं. हवा चांगली असते.

२३ फेब्रुवारी, रविवार
नवा शर्ट. पाठ केलेली वाक्यं. मांडीवर उशी, मांजर बसण्याची सवय म्हणून.
चाकूरचे पाहुणे गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि नागुबाईचं घर कोणतं म्हणून विचारलं. अण्णाराव काका म्हणाले, ते काय, सूनबाई खिडकीत बसलीय ते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, कोणाची सून. काका म्हणाले, आनंदराजचीच की, आत्ताच आणली, एका डोळ्यानं अधू हाय पण सासूचा लई जीव. गाडी वळली.
मी धावत गाठली. वडिलांनी काच खाली केली. मी श्वास घेतला आणि एकही शब्द न चुकता स्पष्ट सांगितलं की सूनबाई म्हणजे मांजर.
त्यांनी काच वर केली.
विचार करत असतील. आठवड्यात कळवतील.

२ मार्च, रविवार
कळवलं नाही.
मॅडम मांजर बघायला आल्या. तब्येत उत्तम म्हणाल्या, फक्त मी घरात असलो की ती खात नाही. काही दिवस दुसरीकडे झोपता येईल का, म्हणाल्या. आईने वळकटी आधीच बांधून ठेवली होती.
सध्या मुक्काम दुकानात. खाली लग्नाचा परत आलेला फ्लेक्स अंथरलाय. 'शुभ'ला दीर्घ उकार पडला होता. नेमका माझ्याच हातून, चाकूरकरांची वाट पाहण्याच्या आठवड्यात. ही व्यवस्था तात्पुरती आहे.
आत्ता आईचा फोन आला. वाटलं, बोलावते. मांजरीच्या डोळ्याचे थेंब कुठे ठेवलेत विचारत होती. सांगितलं. मग मीच विचारलं, मी घरी कधी येऊ. आई म्हणाली, थांब, सूनबाईला इचारते.
मी फोन कानाला धरून थांबलो. जरा वेळाने आई परत आली.
"न्हाई म्हणायली."