न्यायाधीशाच्या सोप्या ओळी

हॅलिफॅक्स, यॉर्कशर
बुधवार, १२ मार्च

प्रिय विनिफ्रेड,

गुडघा काय म्हणतोय? इकडे सगळं ठीक. हॉलचं छप्पर पुन्हा गळतंय आणि नाटकमंडळी मात्र बिस्किटं कोणी आणायची यावरून भांडतायत.

मी नाटकातल्या जुन्या ओळी सोप्या करते म्हणून जानेवारीत तू प्रॉम्प्टची वही आपटून गेलीस. "चारशे वर्षं लोकांना कळलं ते तुझ्या प्रेक्षकांना कळत नाही होय? मग नाटक कशाला, बातम्याच वाचून दाखव." मी शाळेच्या मुलांचं कारण पुढे केलं. जुनी भाषा त्यांच्या डोक्यावरून जाते, हे थोडं खरंही आहे. गेल्या वर्षी मागची रांग पेंगत होती, तूच दाखवलंस.

पण मी सगळ्यात आधी न्यायाधीशाच्या ओळी सोप्या केल्या. न्यायाधीश क्लिफर्ड करतोय.

तुझा भाऊ विसरायला लागलाय. सप्टेंबरपासून. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, ते मला लिहवत नाही. "विनीला सांगितलंस तर याद राख," असा त्याने दम भरला. मला वाटलं, रोजच्या बोलण्यातली छोटी वाक्यं त्याला पेलतील. मी मूर्ख, दुसरं काय.

काल रंगीत तालीम होती. न्यायाधीशाच्या मुलाचं काम करणारा डेरेक बोलला आणि क्लिफर्ड गप्प. मग त्याने जुन्याच ओळी सुरू केल्या, तुमच्या वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेल्या. एकदाही अडखळला नाही. चहा करणारी मॉरीन किटली घेऊन तशीच उभी. नंतर म्हणाली, "अर्धे शब्द कळले नाहीत गं, पण पोराची माफी मागतोय ते कळलं. इतके दिवस ते सोपं ऐकून मेलं काही वाटलं नव्हतं."

रात्रीतून मी सगळ्यांच्या जुन्या ओळी परत घातल्या. डेरेक शिव्या घालत पाठ करतोय.

आज सकाळी मात्र क्लिफर्ड त्या ओळींतही मध्येच थांबला. मला वाटलं, नेहमीसारखा श्वास घेतोय. तुझी वही हातात धरून मी वाट पाहत राहिले. तो माझ्याकडे बघत होता, विनिफ्रेड, आणि मला कळलंच नाही. तो थांबतो तेव्हा दम घेतो की हरवलेला असतो, हे तीस वर्षं त्याला विंगेतून सांभाळल्यामुळे तुला कळतं. बायको असून मला कळत नाही.

शुक्रवारी साडेसातला पडदा उघडतो. तुला विंगेत पाहिल्यावर मी सांगितलं हे तो ओळखेल आणि चिडेल. चिडू दे. तूही मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी ये.

सहा महिने तुझा भाऊ तुझ्यापासून लपवून ठेवणारी,
ऑड्री