सातवं कलम

३ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा पुन्हा तुटला म्हणे. कपडे शिवतेस की शर्यत लावतेस?

इथं मात्र घोर लागलाय. सत्र सुरू होताना पाळक घडवणाऱ्या ह्या सेमिनरीतले सगळे शिक्षक विश्वास आणि वर्तणुकीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतात. ऑफिसात ते टाइप मीच करते, हे तुला ठाऊक आहे. त्यातलं सातवं कलम असं, की मी रोज सकाळी कुटुंबासह प्रार्थना करतो. आमची चिमी तापानं गेली तेव्हापासून ह्यांनी ती केलेली नाही. आठ महिने झाले. उजाडलं की चपला घालून बाहेर पडतात, ते थेट तासाच्या घंटेला वर्गात. मी एकटीच टेबलाशी बसते. हिब्रू नेहमीसारखंच शिकवतात, त्यामुळे कुणाला काही कळलेलं नाही.

काल म्हणाले, की खोट्यावर सही करणार नाही. सही नाही तर नोकरी नाही, आणि मग हे घरही नाही. चिमी ज्या खोलीत रांगली ती सोडायची कल्पनाच करवत नाही. दाजींना सांगू नकोस.

दाजींना सलाम. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव खाली-वर झाला. दाजींना सांगितलं नाही, पण भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा त्यांनीच विचारलं, की धाकटीचं पत्र आलं का.

मेहुण्यांना म्हणावं, करून टाका सही. देवाला सगळं ठाऊकच आहे. ते नाहीच ऐकले, तर प्राचार्यांच्या कानावर घाल. चिमीला माती दिली त्या दिवशी सगळ्यांत शेवटी घरी गेलेला माणूस आहे तो. पण आपल्या मनानं काही करू नकोस. तू घाबरलीस की भलतंच करून बसतेस, हे मी तुझ्या फ्रॉकच्या दिवसांपासून बघतेय.

जेवत जा. माया आहे ती आहेच.
तुझी ताई

१७ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

भलतंच करून बसले. टाइप करताना सातवं कलम गाळलं. आठव्याला सात केलं, नवव्याला आठ.

काल सह्या झाल्या. प्राचार्यांनी केली, ग्रंथपालांनी केली, एकवीस जणांनी केली, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही. हे मात्र कागद हातात धरून थांबले. वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सही केली. घरी आल्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही.

आज ग्रंथपालांनी गेल्या वर्षीची फाइल मागितली. कशाला ते बोलले नाहीत. देताना ती माझ्या हातून पडली, सगळे कागद जमिनीवर. तेव्हापासून दाराशी पाऊल वाजलं की वाटतं, ग्रंथपालच आले. आधी घर जाण्याची भीती होती. आता वाटतं, मी ह्यांच्या नावाला लबाडी चिकटवली. हे मला बोलत नाहीत, आणि मला विचारायचा धीर होत नाही.

लवकर लिही. लोभ ठेव, आत्ता त्याची फार गरज आहे.
तुझी धाकटी

२२ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

ऊठ आणि जाऊन सांग. ग्रंथपालांनी शोधून काढलं तर दोघांचं नाव जाईल. तू सांगितलंस तर तुझं एकटीचं. आधी मेहुण्यांना सांग. घर गेलंच तर माझी मागची खोली आहे, कापडाचे गठ्ठे तेवढे हलवावे लागतील. मीही घाबरले आहे, म्हणून हे थोडक्यात.

तुझी, काहीही झालं तरी तुझीच,
ताई

३० जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दुपारीच ह्यांना म्हटलं, की मी प्राचार्यांकडे जाते. ते म्हणाले, एकटी जायचं नाही. दोघं गेलो.

मी सगळं सांगितलं. प्राचार्यांनी कागद काढला, कलमांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, एकोणीस वर्षं ते स्वतः सही करताहेत, आणि यंदा वाचलंच नाही. पण मला मोकळं सोडलं नाही. टाइपरायटर काढून घेतला. सोमवारपासून मी ग्रंथालयात पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवते. ग्रंथपाल माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

सह्या पुन्हा झाल्या, सातव्या कलमासकट. ह्यांनी त्याच्याखाली लिहिलं, की आठ महिने केलेली नाही, उद्या बसेन, पुढचं सांगता येत नाही. मग सही केली. ह्यांना ठेवायचं की काढायचं, ते संचालक मंडळ पुढच्या महिन्यात ठरवणार. काय होईल ते प्राचार्यांनाही सांगता येत नाही.

दुसऱ्या सकाळी हे खरंच टेबलाशी येऊन बसले. मी पवित्र शास्त्र उघडलं, पण वाचवेना. मग ह्यांना खरं ते सांगितलं. चिमी गेल्यापासून मीही प्रार्थना केलेली नाही. हे बाहेर पडले की मी नुसती डोळे मिटून बसायचे, शेजारणीनं खिडकीतून पाहावं म्हणून. ह्यांनी खुर्ची जवळ ओढली. चहा निवला तरी आम्ही तसेच बसून होतो.

कलमात ‘कुटुंबासह’ आहे, म्हणून मंडळापुढं हेही सांगावं लागेल. ह्यांनी सांग म्हटलेलं नाही आणि नकोही म्हटलेलं नाही. मी सांगणार आहे, ताई, आणि मला फार भीती वाटते.

आमच्यासाठी प्रार्थना कर. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी धाकटी