टेबल वर नेलं तो दिवस

नांदेड, मंगळवार, संध्याकाळ

आज टेबल स्वयंपाकघरातून वरच्या खोलीत नेलं. फवारणीच्या औषधांची माहितीपत्रकं मराठीत करायची तर शांतता हवी, असं मीच म्हणत होते. मिळाली. तीन तासांत अख्खं पत्रक झालं! मग चुटपुट कसली लागली होती?

खाली येऊन आईला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण लोकांच्या रानात तिनं फवारणी केलेली आहे. शेवटची ओळ ऐकून म्हणाली, "हातमोजे आता सांगून राहिलीस? तवर हात भिजले की गं माझे."

मूळ इंग्रजीतही हातमोजे शेवटीच आहेत. क्रम बदलायचा मला हक्क आहे का? सकाळी कंपनीला विचारायचंच. पण हातमोजे फार उशिरा येतात हे मला कसं दिसलं नाही? खाली मी मोठ्यानं वाचायचे आणि आई मधेच अडवायची. त्याला मी इतके दिवस व्यत्यय समजत होते!

"आई, उद्यापासून वर येऊन बसशील?"

"तुझ्या हापिसात मला खुर्ची हाय का?"

नव्हती. आत्ताच एक वर नेऊन ठेवली.