रॅकमागची गल्ली

२ जून
नोकरी लागली! वर्षभर ताईच्या घरी फुकटचं खाल्लं, आता मान वर करून जेवता येईल. गोदाम अवाढव्य, पण आत नुसती दाटी. बाहेर ट्रक रिकामे करायला मोठी फोर्कलिफ्ट. मागे वजनाचा ठोकळा, वळायला अख्खं अंगण लागतं. आत रीच ट्रक: कडेला तोंड करून बसायचं, लोखंडी काटे पुढे सरकवून पॅलेट, म्हणजे मालाखालचा लाकडी पाट, मालासकट उचलायचा. आणि अगदी चिंचोळ्या गल्ल्यांत माझं यंत्र. ते वळतच नाही, काटे तेवढे डावी-उजवीकडे फिरतात आणि केबिन आपल्यासकट छतापर्यंत चढते. खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. मजा आली.

५ जून
सुपरवायझर गोड बोलतो, पण नजर मोजपट्टीची. गल्ल्या आवळल्या की आणखी एक रॅक बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात. यंत्रं दुरुस्त करणारे फिटरकाका मात्र भले. माझा डबा सांडला तर निम्मी भाजी इकडे सरकवली. ताईने विचारलं, जमतंय ना? म्हटलं, मस्त.

१० जून
शेवटच्या गल्लीत, वरच्या खणात पॅलेट ठेवला. काटे मागे घेतले, तर तो हळूहळू माझ्याकडे सरकत आला. पुन्हा आत लोटला. पुन्हा आला. पलीकडून कुणी ढकलावं तसा. फिटरकाका म्हणाले, रॅक कललाय. रॅककडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

११ जून
खोकी बाजूला करून पाहिलं. मागे भिंत नाही, आणखी एक गल्ली आहे. दोन्ही टोकांना पत्रे ठोकलेले. आत माझ्यासारखंच यंत्र, केबिन वर चढलेली. केबिनमध्ये माणूस. वाळून काष्ठ झालेला, डोक्यावर हेल्मेट.
सुपरवायझरने आवाजही चढवला नाही. रॅक हलवताना यंत्र बंद पडलं, म्हणाला; तो वर अडकला. काढायचं तर काम थांबवावं लागलं असतं. घरच्यांना कळवलं, पळून गेला म्हणून. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ताईची खुशाली विचारली.

१२ जून
ताई म्हणते, मनाचे खेळ आहेत. भावजी म्हणाले, पुन्हा घरी बसायची कारणं. फोन गेटवरच काढून घेतात, फोटो कसा आणू? त्या मेलेल्या माणसाचं ओळखपत्र काढून आणतो. मग थेट पोलीस चौकी.

१३ जून, दुपार
वहीसकट वर आलोय. खिडकीतून पलीकडच्या केबिनमध्ये हात घातला —
त्याने ओळखपत्र स्वतःच पुढे केलं. वाळकी बोटं. पॅलेट तोच ढकलत होता. मला घालवायला. इथून जा म्हणून —

यंत्र बंद. खालून वीज तोडली. वर असताना केबिनचं दार उघडत नाही.

गल्लीच्या त्या टोकाला पत्रा लागला. आता या टोकाला —

फिटरकाका! घसा फुटेस्तोवर ओरडलो. त्यांनी वर पाहिलं. मला पाहिलं, नीट पाहिलं. मग मान खाली घातली आणि पाना उचलून पत्र्याचे बोल्ट —