पाठीच्या दुखण्यावर मनाची गोळी

चिरंजीव डॉक्टरसाहेब, म्हणजे माझ्याच धाकट्या भावा, आशीर्वाद.

तू दिलेल्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद एकदा उघडला की पुन्हा त्या घडीत बसत नाही, याचा मी तीव्र निषेध नोंदवतो. अर्धा तास झटलो. त्या झटापटीत वाचलं, की गोळी नैराश्यावरची आहे! अरे, मी तुला पाठ दाखवली होती. चार वर्षं दुखतेय ती पाठ!

फोनवर म्हणालास, "दादा, वेदनेच्या आणि नैराश्याच्या मेंदूतल्या वाटा बऱ्याचशा एकच. रसायनंही तीच. एक मुक्कामाला राहिलं की दुसऱ्याला घर सापडतं." तीस वर्षं संस्कृत शिकवताना मी देह एका धड्यात ठेवला आणि मन दुसऱ्यात. तू दोघांना एका गोळीत कोंबलंस. तुझी वहिनी म्हणते, "भावोजींशी शास्त्रार्थ पुरे, गोळी घ्या मुकाट्याने." अजून घेतलेली नाही.

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. रविवारी लेक दोन महिन्यांनी घरी आली. बेल वाजली, "बाबा" अशी हाक ऐकली, तरी खुर्चीतून उठावंसं वाटलं नाही. तेव्हा पाठ अजिबात दुखत नव्हती. मला त्याचीच भीती वाटते.

तुझा हट्टी,
दादा