फरशीवर उकळतं पाणी

इंदिरानगर, नाशिक

प्रिय चैताली,

देवळ्याला थंडी जास्त असेल, स्वेटर घालतेस ना? फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. शेजारपाजारी सगळ्यांना वाटतं, तू माहेरी विश्रांतीला गेलीस. मी काही सांगत बसत नाही. आल्हाद आणि तू मिळून बिअर बनवता, हे तरी मी कुठे कुणाला सांगितलं होतं! 'कारखाना' म्हणायचे, झालं.

त्या कारखान्याची जमीन आम्ही नव्यानं करतोय. नानांनी दुकानं पालथी घालून नमुने आणले आणि अंगणात मांडले. रोज सकाळी अंघोळीआधी पातेलंभर उकळतं पाणी त्यांच्यावर ओततात, लगेच वरून गार. आल्हाद टाकी धुवायचा तेव्हा व्हायचं तसंच. मग कान देऊन बसतात. एक फरशी तडकली, दुसरीचे सांधे सुटले, तिसरीचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा निघाला. टिकला तो सिमेंटचा राखाडी, खरखरीत थर. दिसायला अगदी गोठा! नाना त्यावर ओल्या पायांनी उभे राहिले, घसरले नाहीत, आणि तिथेच खाली बसून रडले. मुलाला पोचवून आल्यावरही ते रडले नव्हते गं.

दिवसकार्य झालं त्या दिवशी तू मला एवढंच म्हणालीस, "आई, ती फरशी मी निवडली होती." आणि बॅग भरलीस. पांढरीशुभ्र, छानच होती ती. दुकानात आपण चौघं होतो, चौघांनाही आवडली. आधी उकळतं पाणी ओतून बघावं, हे कुणाच्या डोक्यात येणार? सांधे सुटले, फरशी उचलली गेली, आणि गरम पाण्याची नळी हातात असताना माझं पोर घसरलं. यात तुझा दोष कुठे आहे, मला खरंच दिसत नाही. मला त्याची फार आठवण येते. आणि जिच्याशी बोलावं, ती देवळ्याला जाऊन बसलीय.

काल जुनी फरशी उखडली. तुकडे ट्रॅक्टरमधून गेले. नाना एक ठेवून घेत होते, मी तोही टाकायला लावला. तू निवडलेली एकही फरशी आता तिथे नाही. सोमवारी राखाडी थर घालतील. बिअर करायची की जागा विकायची, ते तू ठरव. पण घरी ये.

तुझीच,
आई