बार्टनसाहेबांचं टपाल

मंगळवार, ३ जून
नाना एप्रिलात आले, अजून रुळले नाहीत. सासूबाई गेल्यावर कराडच्या फ्लॅटवर एकटे नकोत म्हणून श्रीने व्हिजिटर व्हिसा काढून त्यांना इथे आणलं. आता दर उन्हाळ्यात इथे नॉटिंगहॅमलाच यायचं, असा श्रीचा आग्रह. नाना म्हणतात, "बघू." नानांचं "बघू" म्हणजे "नाही", हे इतक्या वर्षांत मला कळलंय. त्यांच्या मुलाला कळलेलं नाही.

एक काम मात्र त्यांनी आपणहून घेतलंय. टपाल. जन्मभर पोस्टमास्तर होते. सकाळी दाराच्या फटीतून पाकिटं पडली की उचलतात, चष्मा लावून नावं वाचतात, टेबलावर गठ्ठे लावतात. श्रीचा, माझा, आमच्या लेकीचा, इराचा. इराला कधी काही येत नाही, तरी तिची जागा मोकळी ठेवतात.

आज आणखी एक गठ्ठा दिसला. मि. कॉलिन बार्टन. पत्ता मात्र बिनचूक आपला.
मी म्हटलं, टाकून द्या.
"दुसऱ्याचं टपाल टाकत नसतात, मेधा. आणि उघडत तर नसतातच. माणूस येतो न्यायला."
कोण बार्टन? हे घर आपण ज्या बाईंकडून घेतलं त्या तर मिसेस लोव. म्हटलं, ठेवा मग तुमच्याजवळ. ट्रॅम चुकत होती.

मंगळवार, १० जून
आज जेवताना नाना सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी टोमॅटो जरा लवकर लावू. यंदा उशीर झाला." पुढच्या वर्षी! मी पोळी लाटता लाटता थांबले. श्री आठवडाभर कामासाठी लीड्सला असतो, फोनवर सांगितलं तर त्याने ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. म्हणाला, त्यांना काही बोलू नकोस, नाहीतर विचार बदलतील.

बार्टनची पाकिटं वाढलीत. नानांनी रबरबँड लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत. वरच्यावर लाल अक्षरं दिसली. बघू म्हटलं, राहिलं. हॉस्पिटलच्या वॉर्डात एक फार्मासिस्ट सुट्टीवर, दुसरी आजारी. मी एकटी नाचतेय.

मंगळवार, १७ जून
नीट लिहिता येईल का माहीत नाही.

संध्याकाळी घरी आले तर घरासमोरच्या ड्राइव्हवर माझ्या गाडीच्या चाकाला पिवळं लोखंडी कुलूप. काचेवर चिकटवलेला कागद. समोरची लिंडा कचऱ्याचा डबा आत घेत होती, तोच डबा बराच वेळ आत घेत होती. "ऑल राइट, मी डक?" 'मी' म्हणजे 'माय'; इकडची माणसं लाडाने सगळ्यांनाच डक म्हणतात. आज मात्र त्या डकमध्ये कीव होती. ती मला सहन होत नाही.

आत नाना खूश. अगदी खूश! "मेधा, बार्टनसाहेब येऊन गेले."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुपारी बेल वाजली. गळ्यात कार्ड, हातात फाइल, अंगापिंडाने दांडगा माणूस. म्हणाला, "मिस्टर बार्टन?" म्हणजे विचारत होता. नानांना वाटलं, स्वतःचं नाव सांगतोय. "कम, कम, आय वॉज वेटिंग फॉर यू." आत घेतलं, सोफ्यावर बसवलं. आल्याचा चहा, पाहुण्यांच्या कपबशा, वर चिवडा. डबा आणून सगळं टपाल त्याच्या हातात दिलं, आणि मिळाल्याबद्दल एका कागदावर त्याची सही घेतली! मग त्यानेही आपल्या कागदावर नानांची सही घेतली.
"सर म्हणाला गं मला. साइन हिअर, सर."

तो वसुलीवाला होता. कुणा बार्टनची गाडी, कुठल्या तरी दूरच्या गावात बसच्या लेनमध्ये घुसलेली, एकदा नाही, बऱ्याचदा. सरकारदरबारी त्या गाडीचा पत्ता आमचा. दंड भरला नाही, पत्रांना उत्तर नाही. उत्तर कुठून येणार? पत्रं बिस्किटांच्या डब्यात होती. त्या माणसाने चहा पीत पीत टीव्ही, सोफा आणि माझी गाडी लिहून घेतली. निरोप द्यायला नाना दारात उभे होते. तो चाकाला कुलूप लावत होता, ते बघत होते. त्यांना वाटलं, गाडीची काही दुरुस्ती असेल.

मी बोलले. खूप बोलले. "हे तुमचं पोस्ट ऑफिस नाही, नाना! उद्या कुणीही येऊन नाव सांगेल, तुम्ही त्याला आत घ्याल? नाव काय, कुणीही सांगतं. यापुढे दार उघडायचं नाही. घरात कुणी नाही म्हणायचं. कुणी का असेना!"

इरा जिन्यात उभी होती. "मम्मा, स्टॉप. नानाकडे बघ ना."

नानांनी कपबशा विसळल्या.

बुधवार, १८ जून
रजा टाकली. सकाळपासून फोनवर. वसुली कंपनीतली मुलगी गोड आवाजाची.
"मिस्टर बार्टन तिथे राहत नाहीत, हे तुम्ही कसं दाखवणार?"
जो माणूस नाही, तो नाही हे कशाने दाखवायचं? त्याची चप्पल दारात नाही म्हणून?
"पण घरातल्या जेंटलमननी कन्फर्म केलंय. त्यांच्याकडे मिस्टर बार्टनचं सगळं पोस्ट होतं. ही वॉज एक्सपेक्टिंग हिम."
हे खरंच होतं. नाना त्याची वाटच पाहत होते.

गाडी विकत घेतल्याचे कागद, कौन्सिल टॅक्सचं बिल, माझा पासपोर्ट, सगळं स्कॅन करून पाठवलं. माझीच गाडी माझीच आहे, हे मीच सिद्ध करायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गुरुवार, १९ जून
कुलूप काढून नेलं. आज दुसराच माणूस, खाली मान घालून आला. नाना मागच्या खोलीत. बाहेर आले नाहीत.

लिंडाने विचारलंच. मी सांगितलं, चुकीचा पत्ता होता. ती म्हणाली, "ऑफ कोर्स, डक." ज्या सुरात म्हणाली त्यावरून कळलं की तिचा विश्वास नाही. आता या गल्लीत आम्ही देणं बुडवणारे.

सोमवार, २३ जून
मूळ दुखणं वेगळंच आहे. बार्टनच्या गाडीच्या नोंदीतला पत्ता बदलला नाही तर हे पुन्हा होणार. गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसला गेल्या बुधवारीच कळवलं होतं, आज फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवून एक बाई आली. म्हणाली, आलेली सगळी पत्रं आम्हाला पाठवा. पत्रं वसुलीवाला घेऊन गेला. मग लेखी द्या. दिलं.

श्री शनिवार-रविवार घरी होता. नानांशी टोमॅटोवर बोलला, क्रिकेटवर बोलला. मुद्द्यावर बोलणं या घरातल्या पुरुषांना जमत नाही. निघताना मला म्हणाला, "तू जरा जास्तच बोललीस का गं?"
गाडी बार्टनची, दंड बार्टनचा, सही नानांची, आणि जाब मला.

बुधवार, २ जुलै
दाराची फट बंद करून घेतली. बाहेर भिंतीला लोखंडी पेटी लावली, कुलपाची. किल्ली माझ्याकडे. आता कुणाचंही टपाल थेट घरात पडणार नाही. माणूस लावून गेला, मला अगदी सुटल्यासारखं झालं.

गुरुवार, ३ जुलै
सकाळी नाना नेहमीच्या वेळी खाली आले. चष्मा खिशात. दारापाशी गेले. पायपुसणं रिकामं. जरा थांबले, वाकून त्याचं टोक सरळ केलं आणि स्वयंपाकघरात गेले.
मी पोह्यांकडे बघत राहिले. मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

बुधवार, ९ जुलै
गाडीच्या ऑफिसचं उत्तर. तक्रारीची शहानिशा करण्यासाठी त्यांनी श्री. बार्टन यांना पत्र लिहिलं आहे. कुठल्या पत्त्यावर? आमच्या! तेही पाकीट आज पेटीत होतं. बार्टन, तू इथे राहतोस का, असं विचारणारं पत्र, बार्टन राहत नाही त्या घरी. मी एकटीच मोठ्याने हसले. पूर्वी असं काही झालं की नानांना सांगायचे. पोस्टातले एकेक किस्से ते त्यात घालायचे.
सांगितलं नाही. बार्टनचं नाव त्यांच्यासमोर कुणी काढत नाही.

मंगळवार, १५ जुलै
नाना आता पुढच्या खोलीत बसत नाहीत. पूर्वी खिडकीतून पोस्टमनला हात करायचे, तोही "मॉर्निंग, सर" म्हणायचा. बेल वाजली की आता पुस्तक मिटून स्तब्ध बसतात, माणूस जाईपर्यंत. आज माझं पार्सल परत गेलं. मी काही म्हटलं नाही. म्हणणार काय, हुकूम माझाच.

रस्त्यात राखाडी गाडी दिसली की मी नंबर बघते. वसुली कंपनीने ईमेलने पाठवलेल्या दंडाच्या फोटोत ती पाठमोरी आहे. नंबर पाठ झालाय. आईच्या जुन्या फोनचा नंबर आठवत नाही, हा आठवतो. हा बार्टन कुठेतरी काचा खाली करून, गाणी लावून मजेत हिंडत असेल. त्याच्या घरी त्याचा बाप दाराशी निवांत बसत असेल. त्याचं वाटोळं होवो, असं मनात आलं आणि लिहूनही टाकलं.

गुरुवार, २४ जुलै
वसुली कंपनीची ईमेल. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर, प्रकरण या पत्त्यापुरतं बंद. मी तशीच खाली जाऊन नानांना मराठीत वाचून दाखवली. वाटलं, त्यांना बरं वाटेल.
शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "यात माझं नाव आहे का?"
नव्हतं.
"असू दे," म्हणाले.

संध्याकाळी श्रीचा फोन. नानांनी त्याला तिकीट अलीकडे घ्यायला सांगितलंय. ऑक्टोबरऐवजी लगेच. कारण विचारलं तर म्हणे, कराडच्या फ्लॅटमध्ये माझ्या नावाची पत्रं साठली असतील.
"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं.
"म्हणाले, बघू."
श्रीलाही आज त्याचा अर्थ कळला.

मंगळवार, २९ जुलै
टोमॅटो लाल झालेत. नानांनी पहिला तोडून माझ्या डब्यात घातला, न सांगता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडल्यावर दिसला. स्टाफरूममध्ये रडायचं नसतं, म्हणून औषधांच्या खोलीत गेले.
आज बोलायचंच, असं ठरवून घरी आले. ते देवाला दिवा लावत होते. नंतर इरा आली, नंतर जेवणं. राहिलं. टपालासारखं बोलणंही राहतं आणि त्याचा गठ्ठा होतो.

शनिवार, २ ऑगस्ट
हे दाराबाहेर, पायरीवर बसून लिहितेय. वही पर्समध्ये असते म्हणून बरं. घराच्या किल्ल्या नाहीत, त्या आत टेबलावर राहिल्या. श्री इराला घेऊन बर्मिंगहॅमला गेलाय, संध्याकाळपर्यंत येत नाही. तिकीट सोमवारी पक्कं करायचंय.

भाजी घेऊन आले, बेल वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. नानांचा फोन लावला, आत वाजताना ऐकू आला, वाजून वाजून थांबला. मग दाराच्या काचेपलीकडे सावली दिसली.
"नोबडी इज ॲट होम."
म्हटलं, "नाना, मी मेधा."
सावली हलली नाही. मग मराठीत, शांतपणे, "नाव काय, कुणीही सांगतं."

माझंच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

लिंडा समोर गुलाबांना पाणी घालत होती. बघू दे. मी दाराला तोंड लावून बोलले. म्हटलं, नाना, मी तुम्हाला नको ते बोलले. तुमच्या जागी माझे बाबा असते तर त्यांनीही त्याला चहाच दिला असता आणि मी त्यांना असं बोलले नसते. चूक त्या गाडीची होती, मी ती तुमच्या माथी मारली. रागाने नाही, लाजेने. लिंडाने बघितलं म्हणून. पेटी उद्या काढून टाकते, फट परत उघडते. पण जाऊ नका. इराच्या गठ्ठ्याची जागा कोण ठेवणार?

सावली गेली.

पेटीची किल्ली मात्र पर्समध्येच असते, पेटी उघडून बघितली. श्री. बार्टन, त्याच ऑफिसचं पाकीट, आणखी एक. गाडीची नोंद जिथल्या तिथे आहे. ते पाकीट मांडीवर घेऊन बसलेय, फाडलेलं नाही.

आता स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून चहाचा वास येतोय. आलं ठेचलेला चहा. नळ वाजला, कपबशांचा आवाज झाला. एक कप काढला की दोन, ते इथून कळत नाही.